डाव्या बाजूच्या पट्ट्या

आईची गोधडी मधल्या एका लाल चौकापासून सुरू होते. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतल्या बाकीच्या बायका जुन्या साड्यांचे थर एकावर एक टाकतात आणि त्यावर धावदोरा घालतात. आईकडे साड्या साठायच्या नाहीत, पट्ट्या साठायच्या. ती दादरच्या एका साडीच्या दुकानासाठी घरी बसून फॉल-बीडिंग करायची. दुकानाच्या मागच्या खोलीत ब्लाऊज शिवणारे कारागीर बसतात. कापून उरलेल्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या ते तिला पिशवीत भरून देत. आई म्हणायची, "एवढं चांगलं कापड, झाडूने काय लोटायचं?"

ती हे काम कसं करायची ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तळहातात मावेल एवढा लाल चौक घ्यायचा. त्याच्या एका बाजूला एक पट्टी शिवायची, ती उलटवून नखाने दाबायची. मग चौक पाव फेरी फिरवायचा आणि पुढच्या बाजूला दुसरी पट्टी जोडायची. ती आधीच्या पट्टीचं टोकही झाकते. परत फिरवायचा, परत जोडायची. असा तो तुकडा चारी बाजूंनी वाढत जातो. लागून असलेल्या दोन बाजूंना फिक्या रंगाच्या पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. फिक्या बाजूला आई ऊन म्हणायची आणि गडद बाजूला सावली. तुकडा पुरता झाला की कोपरा स्वतःकडे करून मांडीवर ठेवायची आणि डोळे बारीक करून बघायची. उजव्या अंगाला ऊन, डाव्या अंगाला सावली. "यात शिवणं कमी आणि फिरवणंच जास्त," असं ती मला शिकवताना सांगायची. मी चुकून तुकडा न फिरवता तिसरी पट्टी लावली तर हातातून काढून घ्यायची. "एकाच कुशीवर किती झोपवशील त्याला? फिरव."

ही गोधडी माझ्यासाठी होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बारावीनंतर मी पोटमाळ्यावर बसून अभ्यास करायला लागले. फळ्या टोचतात असं एकदाच बोलले असेन. आईने पट्ट्यांची पिशवी खाली काढली आणि लाल कापड कापायला घेतलं. दुकानाचं काम संपलं की दुपारी एक तुकडा. मी परत येईपर्यंत तो तिच्या मांडीवर असायचा आणि मी दारात चप्पल काढत असतानाच ती तो वर धरून दाखवायची.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी तिच्या डाव्या हातातून गाळणी पडली. ती वाकून उचलायला गेली आणि तिथेच बसली. बाबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर वॉचमन आहेत, ते नुकतेच पाळी संपवून घरी आले होते. त्यांनी आणि शेजारच्या काकांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला. परळच्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं की मेंदूच्या उजव्या भागात रक्त पोचलं नाही, म्हणून शरीराची डावी बाजू गेली.

हात-पाय लुळे पडतात हे आम्ही चाळीत बघितलेलं होतं. ते आम्ही धरूनच चाललो होतो. पण डावी बाजू तिच्या अंगातून गेली तशी तिच्या जगातूनही गेली आहे, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मी तिला भात, आमटी आणि तळलेला बांगडा वाढला. उजवीकडचा भात तिने संपवला आणि मान वर करून विचारलं, "आज मासा नाही दिलास?"

बांगडा ताटातच होता, डावीकडे. मी ताट फिरवलं.

"अगं बाई! हा कुठून आला?" ती म्हणाली आणि हसली. मी पण हसले. मला वाटलं ती गंमत करतेय.

मग एकेक दिसायला लागलं. केस विंचरायला कंगवा दिला की डोक्याचा उजवा अर्धा भागच ती विंचरायची. टिकली उजव्या भुवईवर लागायची. खुर्चीत बसवलं की दार तिच्या डाव्या हाताला यायचं, तिथून आत येणाऱ्याची ती दखलच घ्यायची नाही. डोळे चांगले होते, डॉक्टरांनी तपासले होते. बोलणंही साफ होतं, पूर्वीसारखंच फटकळ. फक्त डावीकडे काही असतं, हेच ती विसरली होती. आणि आपल्याला काही झालं आहे हे तिला मान्य नव्हतं. "मला काय धाड भरलीय?" असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची.

हॉस्पिटलात थेरपीच्या एक मॅडम होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी बाबांना आणि मला समोर बसवून समजावलं. "त्यांचं लक्ष डावीकडे ओढायचं. बोलायचं डावीकडून, बसायचं डावीकडे, पाणी द्यायचं तेही डावीकडून. उजवीकडे कुणी जायचं नाही, नाहीतर त्या कधीच मान वळवणार नाहीत. पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात." मग त्यांनी विचारलं, "रोज कुठलं काम करायच्या त्या?"

मी गोधडीचं सांगितलं. चौक फिरवायचा असतो, हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम खुलला. "हेच द्या त्यांना. पण तुम्ही फिरवून देऊ नका हं. त्यांनी स्वतः डावी बाजू शोधून फिरवला पाहिजे. ज्या दिवशी फिरवतील, त्या दिवशी मला फोन करा."

त्या एका वाक्यावर मी पुढचे महिने काढले. आईने तुकडा फिरवला की तिची मान वळेल, आणि मान वळली की तिला मी दिसेन. इतकं सरळ होतं माझ्या डोक्यात.

पहिली अडचण खाटेची आली. आमची खाट भिंतीला लागून आहे, आणि भिंत नेमकी आईच्या डाव्या हाताला यायची. डावीकडे बसायला जागाच नाही. म्हणून मी उशी दुसऱ्या टोकाला ठेवली. त्याच वेळी नायगावहून आत्या आली. बाबांची ही मोठी बहीण, बीडीडी चाळीत आयुष्य गेलेलं, आता चाळ पाडणार म्हणून भाड्याच्या जागेत राहते. तिने दारातूनच उशी बघितली.

"उत्तरेक डोक्या? जित्या माणसाचा?" ती ओरडली. "कोणी सांगल्यान हा?"

"आत्या, हॉस्पिटलच्या मॅडमनी…"

"तुझ्या मॅडमच्या घरात कोण मेला नाय वाटता कधी! मेलेल्याक निजवतत तसा. उचल ती उशी."

बाबा कोपऱ्यात उभे होते. ते बहिणीपुढे बोलत नाहीत. पण आईच म्हणाली, "मी कुठे झोपलेय, ताई? मी बसलेय. बसलेल्या माणसाला कसली उत्तर नि कसली दक्षिण!"

त्यावरच तडजोड झाली. दिवसा आईने उत्तरेच्या टोकाला टेकून बसायचं, म्हणजे डावी बाजू मोकळी राहील. संध्याकाळी दिवा लावायच्या आत तिला उचलून फिरवायचं आणि दक्षिणेला डोकं करून निजवायचं. सकाळी परत उलट. बाबा खांद्याला धरायचे, मी पायांना. निजवलं की मोकळी बाजू तिच्या उजव्या हाताला यायची, म्हणून मॅडमचं ऐकून मी लगेच पोटमाळ्यावर जायचे. आई म्हणायची, "मला काय मोहरमचा ताबूत समजलात की काय, सारखं उचलून फिरवताय!"

माझं अभ्यासाचं छोटं घडीचं टेबल मी तिच्या मांडीवरून आडवं लावलं. त्यावर लाल चौक, पट्ट्या, दोरा ओवलेली सुई. तिचा उजवा हात शाबूत होता. टाके पूर्वीसारखेच पडत होते, अगदी एका मापाचे. पण कापड धरायला डावा हात नव्हता. तो उशीवर पडून असायचा. सुई टोचली की चौक सरकत जायचा. मी डावीकडे स्टुलावर बसायचे आणि चौकाची कडा दोन बोटांनी धरून ठेवायचे. आईला ते सोयीचं वाटलं असावं, कारण ती लगेच शिवायला लागली.

तिने चौक कोपरा पोटाकडे करून ठेवला. उजवीकडच्या वरच्या बाजूला एक फिकी पट्टी लावली. मग उजवीकडच्या खालच्या बाजूला दुसरी. मी बोटं सैल केली. आता फिरवायला हवा. तिने तिसरी पट्टी उचलली आणि पहिल्या पट्टीला बाहेरून जोडली. चौथी, दुसरीला. तुकडा उजवीकडे वाढत गेला. डावीकडे लाल चौकाची कड उघडीच राहिली. मधला चौक मध्ये राहिलाच नाही, कोपऱ्यात गेला.

"झाला," ती म्हणाली आणि हाताने थोपटून सारखा केला.

मी मॅडमना विचारलं. त्यांनी डावीकडे एक ठळक खूण ठेवायला सांगितली. मी टेबलाच्या डाव्या कडेला झेंडूच्या रंगाची जाड पट्टी चिकटवली. रोज काम सुरू करताना म्हणायचे, "आई, केशरी पट्टी दिसेपर्यंत बघ. मान वळव. अजून. अजून थोडी." कधी कधी ती दिसायची तिला. "हां, दिसली," म्हणायची. त्या क्षणापुरते तिचे डोळे माझ्या कोपरापर्यंत यायचे आणि मग परत उजवीकडे जायचे, जणू कोणीतरी त्यांना दोरीने ओढलं आहे. मग तिसरी पट्टी परत पहिलीवर.

मी सकाळची लेक्चर्स करून धावत घरी यायचे. तोपर्यंत शेजारच्या काकू बघायच्या. मी दार उघडून आत यायचे, हात धुऊन स्टुलावर बसायचे आणि कापड धरायचे. डावीकडून बोलत राहायचे. कॉलेजचं, लालबागच्या बाजारात मसाल्यांच्या मिरच्या आल्यात त्याचं, काहीही. ती उत्तर द्यायची, पण उजवीकडच्या भिंतीकडे बघून. सुरुवातीला मला ते विचित्र वाटायचं. नंतर सवय झाली.

आत्या आठवड्यातून दोनदा यायची आणि सरळ पलीकडे जाऊन खाटेच्या पायथ्याशी, आईच्या उजव्या बाजूला, भिंत आणि खाट यांच्यामध्ये ओढून घेतलेल्या डब्यावर बसायची. खाट थोडी पुढे ओढून तिनेच ती फट केली होती.

"आत्या, इकडे बस ना. डावीकडे."

"थंय बसलंय तर माझ्याशी बोलता कोण? तुझी केशरी पट्टी?" आणि आईकडे वळून, "काय गो वयनी, सगळा ऊनच केलंस! सावली खंय?"

आई तुकड्याकडे बघायची. "आहे की सावली."

"खंय?"

"असेल इथेच. तुम्हाला दिसत नाही, चष्मा बदला, ताई."

दोघी हसायच्या. आईचा सगळा चेहरा आत्याकडे असायचा. बोलताना भुवया वर जायच्या, ओठ मुडपायचे, सगळं पूर्वीसारखं. मला तिचा कान आणि गाल दिसायचा. मी काही विचारलं तर उत्तर आत्याला मिळायचं. "भूक लागलीय का?" असं मी विचारायचे आणि ती आत्याला म्हणायची, "नको ताई, मघाशीच खाल्लं. तुम्हीच चहा घ्या." आत्या माझ्याकडे बघून हळूच मान हलवायची.

जाताना एकदा आत्या मला गॅलरीत म्हणाली, "ते पट्टये तूच लाव नि टाक गो. तिका काय कळता? गोधडी तरी पुरी होयत."

मी नको म्हटलं. मी लावल्या असत्या तर तिने लावल्या की नाही हे कसं कळलं असतं?

तुकडे पुरेसे झाल्यावर आईने ते जोडायला घेतले. तेही उजवीकडेच. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. जोडलेला भाग मी डावीकडे ओढून घ्यायचे, म्हणजे टेबलावर जागा व्हायची. पण डावीकडे गेलेली गोधडी तिच्यासाठी संपायची. माझ्या मांडीवर ढीग झालेला असायचा आणि ती हातातल्या शेवटच्या तुकड्याकडे बघून म्हणायची, "इतके दिवस शिवतेय आणि एवढुशीच झाली?"

त्याच सुमाराला थेरपीच्या मॅडम घरी आल्या. परळहून चालत आल्या होत्या, रविवार होता. त्यांनी आईला विचारलं, "डावा हात कसा आहे, मावशी?"

"छान आहे. कामाला लागला," आई म्हणाली.

"काय काम करतो?"

"हा काय, कापड धरतो." तिने सुईच्या टोकाने दाखवलं. माझ्या बोटांवर. माझ्या हातात कॉलेजच्या फेस्टला काढलेल्या मेंदीचा रंग अजून होता. नखं माझी होती, अंगठ्यावरचा जळल्याचा डाग माझा होता.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी सावकाश त्यांनी आईचा खरा हात उशीवरून उचलला, तिच्या डोळ्यांसमोरून उजवीकडे आणला. "मावशी, तुमचा हात हा आहे. कापड धरलंय तो तुमचा नाही."

"मग कुणाचा? शेजारणीचा?" आई म्हणाली. आणि समोर आणलेल्या हाताकडे बघून, "हा कुणाचा ते तुम्हालाच माहीत. थंड पडलाय बिचारा."

मॅडम जाताना जिन्यात थांबल्या. असं होतं, म्हणाल्या. काहींचं जातं, काहींचं राहतं. पहिल्या महिन्यांत जेवढं व्हायचं तेवढं बहुतेक होऊन गेलंय. त्यांनी हे फार जपून सांगितलं. फोन करा असं मात्र त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरच्या एका दुपारी आत्या आली होती. मी कापड धरून बसले होते. आई शिवता शिवता थांबली आणि आत्याला म्हणाली, "ताई, एक विचारू? पोरगी रागावलीय का माझ्यावर?"

"कोण गो?"

"आमची. दिसतच नाही हल्ली. कॉलेजात जाते म्हणतात, पण घरी यायला नको? आवाज येतो कधी कधी, म्हणजे असते इथेच कुठेतरी. पण समोर येत नाही. मी काय केलं तिला?"

आत्याने तोंडाला पदर लावला. मी स्टुलावरून उठले. कापड सोडलं. खाटेला वळसा घातला आणि आत्याच्या बाजूला, त्या फटीत जाऊन उभी राहिले.

आईने वर बघितलं. इतक्या महिन्यांनी ती माझ्याकडे बघत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "किती वाळलीस गं. जेवत नाहीस का? केस बघ कसे झालेत."

मी तिचा हात धरला. तिने सुई कापडात खोचली आणि माझी बोटं दाबून बघितली, ती माझं अंग तापलंय का बघायची तसं. "परीक्षा कशी झाली?"

"अजून व्हायची आहे."

"मग अभ्यास कर. मी काय इथेच आहे." आणि तिने सुई उचलली. टाका घालायला गेली तर तुकडा सरकला. परत घातला, परत सरकला. तिसऱ्यांदा तो टेबलावरून खाली पडला. आई बराच वेळ रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. आजारपणात पहिल्यांदाच.

"ताई, माझा हात गेला," ती म्हणाली. "आत्ता होता. आत्ता धरत होता. गेला हो."

मी तुकडा उचलला, परत वळसा घालून डावीकडे आले, स्टुलावर बसले आणि कडा दोन बोटांनी धरली. आईने हळूच सुई टोचून बघितली. कापड सरकलं नाही. तिने सुस्कारा सोडला. आत्या माझ्याकडे बघत होती आणि मी आत्याकडे. आई कुणाकडेच बघत नव्हती, तिचा टाका सुरू झाला होता.

मॅडमनी उजवीकडे जाऊ नका असं सांगितलं होतं. मी आता रोज जाते. कॉलेजातून आले की दारातून सरळ खाटेच्या पलीकडे जाते आणि म्हणते, "आले गं, आई." ती बघते. माझ्या कपड्यांवरून बोलते, आज उशीर का झाला विचारते. मी तिची टिकली कपाळाच्या मध्ये आणते. थोडा वेळ बसते. मग अभ्यासाला जाते असं सांगून उठते, वळसा घालते आणि कापड धरते. चौक तिने अजून फिरवलेला नाही. मी आता वाट बघते की नाही, मला नीट सांगता येणार नाही.

काल मी पलीकडे बसले होते. ती हातातला तुकडा मला दाखवत होती, सगळ्या फिक्या पट्ट्या, टाके अगदी सारखे. मी छान झालाय म्हटलं.

"एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "तू रागावू नकोस पण. तू इथे येऊन बसलीस ना, की हाताला काय होतं कोण जाणे, कामच करत नाही. तू गेलीस की कसा शहाण्यासारखा चालतो."

"मग जाऊ मी?"

"जा," ती म्हणाली. "एवढी ओळ होऊ दे. मग ये."